तान्ह्या पोळ्याला वॉर्डात कुत्रा आणायचा असेल तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयातल्या बालरुग्ण विभागाच्या इन्चार्ज सिस्टरनी विचारलं आहे: "आमच्याकडे बावीस खाटा आहेत. दरवर्षी तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा पोळा, वॉर्डातच करतो. मुलं लाकडी नंदी सजवतात, झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणतात, आम्ही बोजारा, म्हणजे मुलांना पोळ्याचा खाऊ, वाटतो. यंदा नागपूरहून एकजण आपला थेरपी डॉग, म्हणजे रुग्णांना भेटायची सवय असलेला कुत्रा, घेऊन यायला तयार आहेत. आणावा का? काय काळजी घ्यावी? आमच्या एका डॉक्टरांचा लॅब्रॅडॉरही फार गरीब आहे, तोही चालेल का? आणि जी मुलं कुत्र्याला घाबरतात त्यांचं काय?"

सिस्टर, मी पशुवैद्यक आहे आणि बारा वर्षं माझ्या कुत्र्यांना घेऊन मुलांच्या वॉर्डांत जाते आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दवाखान्यातल्या मुलाला कुणी काही विचारत नाही. सुई टोचायची का, सलाईन कोणत्या हाताला लावायचं, आज घरी जायचं की उद्या, हे सगळं त्याच्या डोक्यावरून ठरतं. ते तसं ठरावंच लागतं. पण कुत्र्याची भेट ही अख्ख्या मुक्कामातली अशी एक गोष्ट आहे, जिला ते मूल "नको" म्हणू शकतं आणि त्याचं नको आपण तिथल्या तिथे ऐकू शकतो. माझ्या मते या कार्यक्रमाचा खरा फायदा इथेच आहे. म्हणून कुत्रा जरूर आणा, पण सगळी आखणी त्या "नको"ला जागा ठेवून करा. बावीस मुलांच्या गराड्यात कुत्रा सोडलात तर कोण हो म्हणतंय आणि कोण नाही, हे कुणालाच कळणार नाही. मुलांचं नाही आणि कुत्र्याचंही नाही.

हे मी चुकून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णालयाने पोळ्यालाच बोलावलं होतं. मी आणि माझी सखी, साधी गावठी कुत्री, फार शहाणी. आम्ही पोचलो तेव्हा वॉर्डाच्या दारात ढोल वाजत होता. मला वाटलं दोन मिनिटांत थांबेल. थांबला नाही. तेवढ्यात एक चिमुरडा आपला नंदी दोरीने ओढत सखीच्या मागून आला. फरशीवर लाकडी चाकांचा खडखडाट, वर नंदीच्या गळ्यातले घुंगरू. सखी दचकून खाटेखाली शिरली आणि पट्ट्यात अडकून सलाईनचा स्टँड आडवा झाला. सलाईन कुणाला लावलेलं नव्हतं म्हणून निभावलं. पण त्या खाटेवरची मुलगी कितीतरी वेळ रडत होती, आणि सखी पुढचे चार महिने चाकांचा आवाज आला की थरथरायची. दोष सखीचा नव्हता, त्या पोराचा तर नव्हताच. मी दारातूनच परत फिरायला हवं होतं.

तेव्हापासून मी सणाचे दोन भाग करते. पहिला भाग मुलांचा, आवाजाचा, कुत्र्याशिवाय. नंदींची पूजा, तोरण, "हर बोला हर हर महादेव", सगळं त्यातच. सकाळी मारबतीची, म्हणजे या दिवशी ईडा पीडा घालवायला मिरवत नेतात त्या पुतळ्याची, आरोळीही घ्या, मुलांना ती फार आवडते. बाहेर लोक "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणतात. वॉर्डात प्रत्येक मुलाला विचारायचं, तुझं काय घेऊन जायचं? "सुई घेऊन जा गे मारबत", "कडू गोळी घेऊन जा गे मारबत", आणि एकदा एका दहा वर्षांच्या मुलीने अगदी हळू आवाजात म्हटलं होतं, "मायचं रडणं घेऊन जा गे मारबत." त्यानंतर निदान तासभर जाऊ द्या. मुलं आपापल्या खाटांवर जातील, जेवतील, वॉर्ड शांत होईल. दुसरा भाग त्यानंतर, आणि तो खाटेखाटेवरचा. कुत्रा मुलाकडे जाईल, मुलांची झुंड कुत्र्याकडे येणार नाही.

वेळही आखून घ्या. नागपूरहून तुमच्याकडे यायला तीन तास तरी लागतात. गाडीतून उतरल्यावर लगेच आत नेऊ नका. सावलीत, पाणी पाजून, थोडं फिरवून, अर्धा-पाऊण तास विश्रांती. पोळा येतो तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, हवा दमट असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड करतो, आणि दमट हवेत तो उपाय फारसा चालत नाही. म्हणून वॉर्डातली भेट एकूण एक तासाच्या आत संपवायची. मी चाळीस मिनिटांवर जात नाही. एका मुलाजवळ पाच ते सात मिनिटं धरली तर सहा मुलं होतात. बावीस होणार नाहीत, हे आधीच मान्य करा. बाकीच्यांना लांबून बघू द्या, आपला नंदी लांबूनच दाखवू द्या. तेही त्यांना पुरतं, आपण समजतो त्यापेक्षा जास्त पुरतं.

आता कोणता कुत्रा, हा प्रश्न. डॉक्टरांचा लॅब्रॅडॉर घरी गरीब असेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण घरातला गरीबपणा वेगळा आणि वॉर्डातला वेगळा. वॉर्डात स्पिरिटचा वास असतो, ऑक्सिजनचा सिलिंडर ओढल्याचा आवाज असतो, गुळगुळीत फरशी असते, अचानक ओरडणारं मूल असतं, कान घट्ट पकडणारा हात असतो. या सगळ्यात कुत्रा नुसता सहन करून उभा राहिला तर ते पुरेसं नाही. त्याला तिथे असणं आवडलं पाहिजे. सहन करणारा कुत्रा एक दिवस सहन करायचं थांबवतो. त्यामुळे यंदा लॅब्रॅडॉर नको. डॉक्टरांची तयारी असेल तर त्याची सवय आतापासून सुरू करा आणि पुढच्या वर्षी बघा. जातीला मी महत्त्व देत नाही. माझ्या सगळ्यात चांगल्या दोन कुत्र्या गावठीच होत्या.

नागपूरच्या त्या गृहस्थांना काही गोष्टी स्पष्ट विचारा, संकोच करू नका. "थेरपी डॉग" लिहिलेलं जॅकेट बाजारात कुणालाही मिळतं. अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्ग नियंत्रणाच्या तज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये रुग्णालयांतल्या प्राण्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मी बहुतेक त्याच पाळते. कुत्रा किमान एक वर्षाचा, शक्यतो दोन वर्षांचा असावा. आधीच्या चोवीस तासांत त्याला आंघोळ घातलेली असावी. गेल्या नव्वद दिवसांत त्याला कच्चं मांस दिलेलं नसावं, कारण त्यातून साल्मोनेलासारखे जंतू त्याच्या पोटात राहतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. पट्टा आखूड, साधारण सहा फुटांचा, आणि तो एका क्षणासाठीही हातातून सोडायचा नाही. यात आपल्याकडच्या दोन गोष्टी मी वाढवते. रेबीजची लस चालू आहे का आणि लेप्टोस्पायरोसिसची घेतली आहे का, हे पुस्तिकेवर तारखेसकट बघा. आणि श्रावण-भाद्रपदात गोचीड फार असतात, तेव्हा कान, काख आणि बोटांच्या बेचक्या त्याच दिवशी तपासून घ्या. जंताचं औषध गेल्या तीन महिन्यांत झालेलं असावं. कुत्रा ढिली शी करत असेल, कातडीवर कुठे केस गेलेला चट्टा असेल, खोकत असेल, तर सरळ रद्द करा. मुलांना वाईट वाटेल, वाटू द्या.

मुलं कोणती निवडायची हे तुम्ही आणि बालरोगतज्ज्ञ मिळून ठरवाल. मी फक्त आपल्या भागातली एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण बाहेरून आलेल्या माणसाला ती सुचत नाही. तुमच्या वॉर्डात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, मुलं असणारच. विदर्भात या आजाराचं प्रमाण मोठं आहे. या मुलांची प्लीहा, जिला आपल्याकडे पानथरी म्हणतात, लहानपणापासूनच हळूहळू निकामी होत जाते. रक्तातले काही जंतू गाळण्याचं काम प्लीहा करते. आणि अगदी निरोगी कुत्र्याच्या तोंडातही कॅप्नोसायटोफॅगा नावाचा एक जंतू सहज सापडतो. धडधाकट माणसाला तो बहुधा काही करत नाही, पण ज्याची प्लीहा काम करत नाही त्याच्या रक्तात तो चाव्यातून किंवा जखमेवर चाटल्यामुळे शिरला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सिकलसेलच्या मुलाला कुत्रा चाटणार नाही, याची जबाबदारी कुत्रा धरणाऱ्याची. कॅन्युला (सलाईनची नळी) ज्या हाताला आहे त्याच्या उलट बाजूने कुत्रा न्यायचा. मुलाने पाठीवरून हात फिरवायचा, तोंडाजवळ हात न्यायचा नाही. हाताला जखम असेल किंवा ताप असेल तर फक्त लांबून बघणं. या मुलांना अजिबात वगळा असं मी म्हणत नाही. हाडं ठणकत असलेलं मूल दिवसचे दिवस छताकडे बघत पडलेलं असतं, त्याला या पाच मिनिटांची गरज सगळ्यांत जास्त असते. पण डॉक्टरांनी नाव घेऊन हो म्हटलं पाहिजे.

ज्यांच्याजवळ कुत्रा न्यायचाच नाही, ती मुलं अशी: नवजात बाळं, भाजलेली मुलं, उघड्या जखमांची मुलं, क्षयरोगासाठी वेगळी ठेवलेली मुलं, आणि तीव्र कुपोषणाची छोटी लेकरं. शेवटच्यांचं कारण असं की त्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी असते आणि ती जमिनीवर बसून सगळं तोंडात घालतात. दमा किंवा कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असलेल्यांची नावं आदल्या दिवशीच्या राऊंडला काढून ठेवा.

हाताचं मात्र सगळ्यांसाठी एकच. कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुणं. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, जंतांची अंडी त्याने मरत नाहीत. ज्या मुलाला उठता येत नाही त्याच्यासाठी तांब्या, तसराळं आणि साबण खाटेशी न्या. कुत्र्याचे पाय दारातच पुसून घ्या. खाटेवर कुत्र्याचे पुढचे पाय ठेवायचे असतील तर मध्ये धुतलेली चादर टाका, आणि ती प्रत्येक खाटेला वेगळी.

परवानगीबद्दल. आई-बापाची संमती लेखी घ्याच, पण ती त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. मुलाची संमती वेगळी घ्या, आणि ती दोनदा: एकदा आदल्या दिवशी कुत्र्याचा फोटो दाखवून, एकदा प्रत्यक्ष कुत्रा दारात उभा असताना. आदल्या दिवशी उड्या मारणारी मुलं समोर कुत्रा दिसला की कितीदा तरी चादर ओढून घेतात. तेव्हा "अरे काही नाही करत, लाव हात" असं म्हणायचं नाही. मोठी माणसं प्रेमाने म्हणतात, पण त्याचा अर्थ मुलाला इतकाच कळतो की इथेही माझं कुणी ऐकणार नाही. आम्ही खाटेच्या कठड्याला सुतळीने पळसाचं पान बांधतो. पान पालथं असेल तर कुत्रा येणार नाही, उलटून सुलटं केलं तर येईल. मूल ते स्वतःच्या हाताने फिरवतं. बोलावं लागत नाही, कारण सांगावं लागत नाही.

एका गोंड मुलाची आठवण आहे. सातेक वर्षांचा होता, पायाचं ऑपरेशन झालेलं. मराठी त्याला बेताचीच येत होती आणि आठवडाभर तो कुणाशीच बोलला नव्हता. पान पालथंच होतं. आम्ही त्याच्या खाटेला वळसा घालून पुढे गेलो. परतताना बघितलं तर पान सुलटं झालेलं. सखी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. त्याने हात लावला नाही. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "नय." गोंडीत कुत्र्याला नय म्हणतात. मी म्हटलं, "हो, नय. आणि मराठीत कुत्रा." मग त्याने खाटेकडे, खिडकीकडे, सलाईनकडे बोट दाखवून एकेक शब्द मला शिकवायला घेतला. कुत्र्याने तिथे काहीच केलं नव्हतं. बसली होती फक्त.

यावरून आठवलं, थेरपी डॉग या कल्पनेची सुरुवातच साधारण अशी आहे. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल मुलगा वेळेच्या आधीच आला आणि त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा, जो एरवी रुग्णांसमोर नसायचा, खोलीतच होता. मूल डॉक्टरांशी नाही, कुत्र्याशी बोलू लागलं. १९६२ मध्ये लेव्हिन्सननी त्याविषयी लिहिलं आणि तिथून या कामाला शास्त्राची बैठक मिळत गेली. कुत्र्यामुळे आजार बरा होतो असं आपण कुणाला सांगायचं नाही. भीती कमी होते, थोडा वेळ दुखण्यावरून लक्ष उडतं, बंद तोंड उघडतं, एवढं घडतं. ते पुष्कळ आहे.

आज्या-आजोबांची अडचण वाटत असेल तर माझा अनुभव उलटा आहे. मला वाटायचं तेच विरोध करतील. पण एका आजीनेच घाबरलेल्या नातवाला समजावलं होतं, "अरे, दत्ताच्या पायाशी बसते ते कुत्र हाय हे. तुले नाई पायजे त नको लावू हात, पन भेऊ नको." इतकी नेमकी समजूत मलाही घालता आली नसती. काहींना मात्र विटाळ वाटतो किंवा स्वच्छतेची धास्ती असते. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या खाटेवरचं पान पालथं.

सणाच्या जेवणाबद्दल कडक राहा. प्रेमापोटी कुणीतरी कुत्र्याला घास देतंच. पुरणपोळीत जायफळ असतं, वड्यात आणि कढीत कांदा-लसूण असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. बोजाऱ्याच्या पुडीतलं चॉकलेट आणि मनुके हे तर त्याला सरळ विषच, मनुक्यांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून बोजारा वाटायचा तो कुत्रा गाडीत बसून निघाल्यावर. नंदी सजवून उरलेला बेगड आणि दोऱ्याचे तुकडे कुत्रा येण्याआधी झाडून घ्या. कुत्र्याला हळद-कुंकू नको, गुलाल नको, आणि बैलाची शिंगं तर मुळीच बांधू नका. फोटोसाठी कुणीतरी हा आग्रह धरतंच. मुलांनी ओवलेली झेंडूची सैल माळ दोन मिनिटं गळ्यात घालायला हरकत नाही, कुत्र्याने मान झटकली की काढायची.

कुत्रा थकला आहे हे ओळखायचं काम एका माणसाला नेमून द्या, ज्याच्या हातात ना पट्टा आहे ना मोबाईल. कुत्रा वारंवार ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपूट पोटाखाली जाते. यातलं काहीही दिसलं की भेट तिथेच थांबवायची, मग तीन मुलं उरली असोत की एक. कुत्र्याचं "नको"ही मुलांच्या डोळ्यांदेखत ऐकलं जाऊ दे. मी मुलांना सांगते, "सखीने पान पालथं केलं." त्यांना लगेच समजतं. एकाही मुलाने त्यावर हट्ट केल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याशिवाय मी कुठल्याच वॉर्डातून निघत नाही. ही मुलं चार दिवसांनी गावी जातील. तिथे कुत्रे वेगळे आहेत. शांत कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवलेलं मूल गावातल्या कुत्र्याच्या गळ्यात पडायला गेलं तर आपणच त्याचं नुकसान केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, रेबीजची शंका असलेल्या प्राण्याने चावलेल्या लोकांत दर १० पैकी ४ जण १५ वर्षांखालची मुलं असतात. म्हणून शेवटची दहा मिनिटं खेळाची. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, "तोरणाखालचा बैल" व्हायचं: पाय रोवून, हात अंगाशी धरून, नजर खाली, गप्प उभं. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे जायचं नाही. मालकाला विचारल्याशिवाय कुणाच्याही कुत्र्याला हात लावायचा नाही. आणि कुत्रा चावला, ओरखडला, किंवा जखमेवर चाटला तर लपवायचं नाही. पुष्कळ मुलं मार बसेल म्हणून लपवतात आणि तेच जिवावर येतं. आयांना तिथेच सांगा: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कुणी वाचत नाही, पण वेळेवर घेतलेल्या लसीने मूल वाचतं. जखमेतून रक्त आलं असेल किंवा कुत्रा उघड्या जखमेवर चाटला असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, आणि लसीचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करायचे.

वॉर्डात कुत्रा चावल्यामुळेच दाखल झालेलं मूल असेल तर त्या मुलाला दिसणार नाही अशा बाजूने कुत्रा न्या. ते शक्य नसेल तर त्या वर्षी कार्यक्रम पुढे ढकला. तान्हा पोळा नंदींवर होऊ द्या, कुत्रा दिवाळीनंतर एखाद्या साध्या दिवशी येईल. मी असं दोनदा केलं आहे. दिवाळीच्या ऐन दिवसांत मात्र बोलावू नका, फटाक्यांनी चांगले चांगले कुत्रे बिथरतात.

निघताना कुत्रा एकदम नाहीसा होऊ देऊ नका. वॉर्डातल्या मुलांना माणसं न सांगता निघून जाण्याची सवय झालेली असते. प्रत्येक खाटेसमोर दोन क्षण थांबून "आता ही घरी चालली, आता पाणी पिऊन झोपेल" एवढं सांगा. ज्यांनी पान पालथं ठेवलं होतं त्यांनाही, लांबून.

पोळ्याच्या अमावास्येला अजून तीन आठवडे आहेत. या आठवड्यात एक काम लगेच करा: चाकं आणि घुंगरू असलेला एक लाकडी नंदी नागपूरला पाठवून द्या. त्या गृहस्थांना सांगा की रोज दहा मिनिटं तो कुत्र्यासमोरून ओढायचा, आधी लांबून, मग जवळून, आणि प्रत्येक वेळी कुत्र्याला आवडता खाऊ द्यायचा. दोन आठवड्यांनी कुत्रा त्या खडखडाटाकडे शेपूट हलवत बघत असेल तर मला कळवा, आपण वॉर्डाचा नकाशा घेऊन खाटांचा क्रम ठरवू. कान पाडून मागे सरकत असेल तरी कळवा, मग यंदा नंदींची चाकं काढून मुलांच्या मांडीवर ठेवू.